बुचाच्या डोक्याला पट्टी

सदाशिव: ...आनि तिकडं लॅबमधी तिसऱ्या टेबलावर वडापाव टांगलाय, मॅडम. खराखुरा. दोऱ्याला बांधून.

सुखदा: का टांगलाय ते विचारलंत का, मामा?

सदाशिव: इचारलं की. म्हनला, लंबक जड असला न् हलका असला तर वेळेत फरक पडतो का, ते बघतोय. आधी पुरा झुलवला. मग अर्धा खाल्ला, उरलेला झुलवला. आता नुसता पाव झुलवतोय.

सुखदा: मग? पडला फरक?

सदाशिव: न्हाई. वेळ तेवढाच. पर फरशीवर चटनी पडली, ती कोन पुसनार?

सुखदा: तुम्ही हसताय, मामा.

सदाशिव: हसू न्हाई तर काय करू? तीस वरसं झाली मला या फिजिक्सच्या लॅबमधी. टेबल मांडायचं, पोरांनी मुकाट येऊन रीडिंग घ्यायचं, जर्नल लिवायचं, जायाचं. सुईचा आवाज यायचा न्हाई. आता बघा. एक पोरगं बूट टांगतंय, एक गाडीची किल्ली टांगतंय, एक पोरगी खाली झोपून वर बघतीय. जत्रा भरलीय नुसती.

सुखदा: भरू दे. मागच्या वर्षीपर्यंत पुस्तिकेत काय होतं? कृती एक, कृती दोन, कृती तीन, आणि उत्तरसुद्धा छापलेलं. मुलांना करायचं काय उरलं? आता अर्ध्या पानावर एकच प्रश्न आहे. लंबकाचा वेळ कशावर ठरतो, तुमचं तुम्ही शोधा, आणि त्यावरून गुरुत्वाकर्षण काढा.

सदाशिव: आनि त्यो शेवटचा रकाना.

सुखदा: हो, तो पण. 'कुठं चुकलं असेल?' दहापैकी चार मार्क त्या रकान्याला. आणि तोच कोणी भरत नाही. सगळे लिहितात, 'काहीही चुकले नाही.'

सदाशिव: चुकलं म्हनून कोन लिवून देईल, मॅडम? आपल्या हातानं?

सुखदा: तेच तर शिकवायचंय. पण माझ्याकडे वेळ कुठाय! साडेअकराला विभागप्रमुख काळोखे सर प्राचार्यांना घेऊन येणार. त्यांना पटलं तर पुढच्या वर्षीही लॅब अशीच. नाही पटलं तर सोमवारपासून जुनी पुस्तिका परत. काळोखे सरांनी स्पष्ट सांगितलंय, 'सुखदा, वडापावनं विद्यापीठाचा पेपर सुटत नाही.'

सदाशिव: काळोखे ना? आपलाच इद्यार्थी. पंच्यान्नवची बॅच. ह्याच टेबलावर उभा राहून घाम पुसायचा.

सुखदा: काय सांगता! त्यांचं रीडिंग चुकायचं?

सदाशिव: चुकायचं म्हंजी... मॅडम, मला रिटायर व्हायला वीस दिस राह्यलेत. आता लपवून काय करू? ही बघा.

सुखदा: काय आहे? लग्नपत्रिका?

सदाशिव: मागनं बघा. कोरी बाजू.

सुखदा: मामा! हे तर... लंबक, स्प्रिंग, भिंग, सगळ्या प्रयोगांची रीडिंगं आहेत. ज्यांतून बरोबर उत्तर येतं ती.

सदाशिव: पोरं 'मामाची चिठ्ठी' म्हनत्यात. कसं हाय, वेळ संपत आली, उत्तर येईना, पोराचं तोंड एवढंसं झालं, की मी हळूच पुढं करायचो. कुनी निघोज्याचं, कुनी वाड्याचं, दोन-दोन बशी बदलून आलेलं. वर्ष वाया कशापायी घालवायचं? तीस वरसांत लॅबमधी एक बी पोर नापास न्हाई माज्या हाताखाली.

सुखदा: म्हणून इतकी वर्षं सगळ्यांचं गुरुत्वाकर्षण नऊ पूर्णांक एक्याऐंशी!

सदाशिव: रागावलात?

सुखदा: रागवायला हवं खरं. पण तुमच्याकडे बघून जमत नाहीये.

सदाशिव: आता चिठ्ठीला इचारतंय कोन? परवा एकाला देऊ केली तर म्हनला, 'मामा, यात वडापावचं रीडिंग न्हाई.' खरं सांगू? लई वाईट वाटलं. रिटायर व्हायच्या आदीच रिटायर झाल्यावानी.

सुखदा: असं नका म्हणू. अहो, सर आले की सगळ्यात आधी मी दीक्षाला उभं करणार आहे. ती चिंचवडहून येते ती, हिरव्या दप्तरवाली. बुधवारी तिनं मला काय सांगितलं माहितेय? 'मॅडम, दोरा आखूड केला की गुरुत्वाकर्षण वाढतंय.' तेव्हापासून मी हसतेय आणि विचार करतेय.

सदाशिव: असं कुठं असतंय व्हय?

सुखदा: नसतं. म्हणजे काहीतरी चुकतंय. आणि ते ती शोधणार, मी सांगणार नाही असं ठरवलंय. ती बघा, आलीच.

दीक्षा: मे आय कम इन, मॅडम? गुड मॉर्निंग. मामा, नमस्कार.

सदाशिव: ये, पोरी. मी चटनी पुसून येतो. पायात आली तर सायेब लोकं घसरतील.

सुखदा: दीक्षा, आण आण, जर्नल दाखव. सापडलं का काही? मला तर... हे काय?

दीक्षा: काय, मॅडम?

सुखदा: मीटरभर दोऱ्याला नऊ पूर्णांक एक्याऐंशी. अर्ध्या मीटरला नऊ पूर्णांक एक्याऐंशी. वीस सेंटीमीटरलाही तेच. आणि रकान्यात 'काहीही चुकले नाही.' तूसुद्धा?

दीक्षा: फायनल रीडिंग आहे, मॅडम.

सुखदा: खोडरबराचे कण आहेत अजून पानात. माझ्याशी खोटं बोलू नकोस. बुधवारी काय आलं होतं?

दीक्षा: मीटरला नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव. अर्ध्याला दहा पूर्णांक एकोणीस. वीस सेंटीमीटरला जवळजवळ अकरा.

सुखदा: मग ते का खोडलंस? तेच तर सोनं होतं! अगं, तुझ्या भरवशावर मी सरांपुढे उभी राहणार होते.

दीक्षा: माहितेय. सॉरी. पण मला कारण सापडलं, मॅडम. म्हणूनच खोडलं.

सुखदा: हे काहीतरी भलतंच. सापडलं म्हणून खोडलं?

दीक्षा: सांगते. पण मामांना सांगू नका, प्लीज. माझी आई चाकणला कंपनीत क्वालिटीला आहे. तिकडं एखादा पार्ट रिजेक्ट झाला की व्हाय-व्हाय करतात. म्हणजे पाच वेळा 'का' विचारायचं. आईला आता सवयच लागलीय. परवा घरी भाजी खारट झाली तर तिनं जेवता जेवता व्हाय-व्हाय केलं. भाजी खारट का? मीठ दोनदा पडलं. दोनदा का? तिनं टाकलं आणि आजीनं पण टाकलं. का? कोणी कोणाला सांगितलं नाही. आजी म्हणाली, 'एवढं विचारण्यात भाजी थंड झाली.'

सुखदा: बरं. मग तू लंबकाला व्हाय-व्हाय केलंस.

दीक्षा: हो. उत्तर जास्त का येतंय? पहिलं म्हटलं, पट्टी चुकीची असेल. आपल्या पट्ट्यांवर कॅलिब्रेशनचा, म्हणजे तपासून घेतल्याचा, स्टिकर कुठाय, मॅडम? कंपनीत त्याशिवाय साधा स्केल हातात घेऊ देत नाहीत. मग आईनं एक जुनी स्टीलची पट्टी दिली, स्टिकरवाली. ताडून बघितलं, पट्टी बरोबर. मग घड्याळ. तीन मोबाइल लावले, तिन्ही सेम. मग वाटलं, दोरा ताणला जातोय. तसं पण नाही. पण चूक आखूड दोऱ्याला मोठी आणि लांब दोऱ्याला छोटी दिसते, म्हणजे लांबीत काहीतरी ठरावीक, एकसारखं जास्त धरलं जातंय. किती? हिशेब केला. दोन सेंटीमीटर.

सुखदा: दीक्षा! पुढे?

दीक्षा: मग खाली आडवी झाले आणि वर बघत बसले. आपण दोरा कुठं धरतो? स्टँडला लावलेलं ते बूच मधून चिरलंय, त्यात. आणि लांबी कुठून मोजतो? बुचाच्या डोक्यापासून. पण दोरा बुचाच्या आत हलतच नाही ना. हलतो खालच्या कडेपासून. आणि बुचाची उंची बरोब्बर दोन सेंटीमीटर!

सुखदा: अगं, मग हे लिहायचं सोडून...

दीक्षा: शेवटचा 'का' राहिला ना, मॅडम. डोक्यापासून का मोजलं? कारण मामांनी सांगितलं. पहिल्या दिवशी प्रत्येक टेबलापाशी जाऊन सांगतात, 'पट्टी बुचाच्या डोक्याला लावायची बरं का.' आता सरांसमोर मी काय वाचून दाखवू? 'चुकीचं कारण, सदाशिवमामा'? वीस दिवसांनी ते रिटायर होतायत. माझा डबा राहिला होता त्या दिवशी त्यांनी अर्धी भाकरी दिली मला. मला नाही जमणार. चार मार्क गेले तर गेले.

सदाशिव: दार उघडंच हाय, पोरी.

दीक्षा: मामा...

सुखदा: मामा, बसा. ती फरशीची बादली ठेवा खाली.

सदाशिव: किती वरसं सांगतोय मी ते? डोक्याला लावा, डोक्याला लावा. तीस बॅचा. आनि कुनाला कळलं न्हाई?

सुखदा: कळणार कसं? शेवटी चिठ्ठी होतीच ना.

सदाशिव: व्हय. चिठ्ठी हुती. म्हंजी चूक बी माजी आनि चुकीवर पांघरून बी माजंच.

दीक्षा: मामा, मी कोणाला नाही सांगणार. खरंच. मी खोडलंय बघा.

सदाशिव: थांब. आधी मला टेबलापाशी नेऊन दाव. कुठनं झुलतंय?

दीक्षा: हे बघा. इथं वाका. बुचाच्या आतला दोरा बघा, गप्प आहे. आणि ही खालची कड. इथून.

सदाशिव: अगं व्हय की! आईशप्पथ. समोर टांगलेलं हाय आनि दिसलं न्हाई. पर खालनं मोजल्यावर तुजं बरोबर आलं का?

दीक्षा: सगळ्या लांब्यांना एकच आलं. पण नऊ पूर्णांक अठ्ठ्याहत्तर. एक्याऐंशी नाही. म्हणून वाटलं, अजून पण काहीतरी चुकतंय.

सुखदा: काही चुकत नाहीये, वेडे! आपल्याकडे तेवढंच असतं. जगात सगळीकडे सारखं नसतं ते. विषुववृत्ताकडे किंचित कमी होत जातं. ते एक्याऐंशी पुस्तकातलं, ढोबळ.

सदाशिव: म्हंजी माजी चिठ्ठी बी चुकीची?

सुखदा: चिठ्ठी परगावची होती, मामा.

सदाशिव: घ्या! तीस वरसं पोरांना परगावच्या तिकिटावर बशीत बसवलं मी.

दीक्षा: मामा, तुम्ही रागावला नाही ना?

सदाशिव: लाज वाटतीय. खोटं कशाला बोलू? पर तुजं ते का-का का काय, ते संपलं का तिथंच? मामांनी सांगितलं, बास?

दीक्षा: नाही. खरं तर आई म्हणते, उत्तरात माणसाचं नाव आलं की थांबायचं नाही. अजून एकदा 'का' विचारायचं.

सदाशिव: मग इचार की.

दीक्षा: मामांनी... तुम्ही तसं का सांगितलं?

सदाशिव: आता आठवतंय. मी लागलो तवा बुचं नव्हती. पत्र्याची दोन पातळ पानं हुती, त्यात दोरा चिमटायचा. वर न् खाली येकच. तवाच्या सरांनी सांगितलं, वरनं मोजायचं, ते बरोबरच हुतं. मग पयल्याच पावसाळ्यात पानं गंजली. नवीन मागवली तर आलीच न्हाईत. म्या केमिस्ट्रीतनं बुचं आनली, ब्लेडनं चिरली, बसवली. लई खूश झाल्ते सर.

सुखदा: म्हणजे बूच नवं आलं आणि सूचना जुनीच राहिली.

सदाशिव: त्याच्याफुडचा 'का' बी सांगतो. मला कळलं का न्हाई? कारन तीस वरसं म्या लंबक टांगला. झुलवला कधी न्हाई. एक रीडिंग घेतलेलं न्हाई आजवर, चिठ्ठीतली बी जुन्या जर्नलातनं उतरवलेली. आपलं काम मांडायचं आनि उचलायचं, असंच धरून चाललो. पोरी, खोडरबर ठेव आनि जुनं लिव परत.

दीक्षा: तुमचं नाव नाही लिहिणार.

सदाशिव: लिव. बूच कुनी आनलं, कुनी चिरलं, सगळं लिव. आनि काळोखेला मी सांगतो. मॅडम, किती वाजले?

सुखदा: अकरा वीस. मामा, नक्की ना? तुम्ही नाही म्हणालात तर मी दुसरी जोडी पुढे करते. वडापाववाला आहे.

सदाशिव: वडापाववाल्याला लई वेळ हाय. हिला करा फुडं.

(सव्वाबारा. काळोखे सर आणि प्राचार्य येऊन गेले आहेत.)

दीक्षा: मामा, तुम्ही सरळ विचारलंतच! 'काळोखे, पंच्याण्णव साली तुजं किती आलं होतं?'

सदाशिव: मग? सायेब झाला म्हनून काय झालं?

सुखदा: आणि सर माझ्याकडेच बघायला लागले! मला वाटलं, संपलं सगळं. सोमवारपासून पुस्तिका.

दीक्षा: मग हळूच म्हणाले, 'नऊ पूर्णांक एक्याऐंशी. पण ते तुमचं होतं, मामा.' प्राचार्य बघतच राहिले.

सदाशिव: माज्या पायाखालची फरशीच सरकली. म्हटलं, आता चिठ्ठीचं निघतंय. निघालं तर निघालं, म्हनून दिली काढून हातात.

सुखदा: आणि त्यांनी पत्रिका उलटून बघितली. मागचं नाही, पुढचं. 'हे तर माझ्याच लग्नाचं कार्ड आहे!' म्हणाले.

सदाशिव: कागद चांगला हुता, जाडजूड. पयली चिठ्ठी फाटली तवा ह्याच्यावर उतरवली.

दीक्षा: मी इतकी हसले, मॅडम, माझा पुढचा मुद्दाच विसरले.

सुखदा: पण सर मग बाह्या सारून स्वतः खाली बसले, बुचाखाली मान घालून. पाच मिनिटं उठले नाहीत. प्राचार्य वडापावचा दोरा धरून उभे! आणि उठल्यावर काय म्हणाले ते ऐकलंत ना? 'सुखदा, पुढच्या वर्षीही हेच चालू दे. सेकंड इयरचं पण बघू.' मामा, मला नाचावंसं वाटतंय. खरंच नाचले तर चालेल का?

सदाशिव: नाचा. फरशी पुसलीय.

दीक्षा: मॅडम, एक बोलू? मामांनी एकदा पण रीडिंग घेतलेलं नाही ना...

सुखदा: माझ्या मनातलं बोललीस. मामा, या इकडे. हा घ्या दोरा.

सदाशिव: आता? ह्या वयात? ऱ्हाऊ द्या.

सुखदा: पंचवीस मिनिटांनी दुसरी बॅच येईल, तोपर्यंत लॅब तुमची. काय टांगायचं ते तुम्ही ठरवा. तोच नियम आहे.

सदाशिव: काय टांगू?... थांबा. ह्यो जुडगा टांगतो. लॅबच्या किल्ल्या. वीस दिसांनी तुमच्याच हवाली करायच्यात, त्याच्या आदी जरा झुलू द्या.

दीक्षा: भारी! बुचाच्या खालच्या कडेपासून जुडग्याच्या मधापर्यंत... पन्नास सेंटीमीटर. स्टिकरवाली पट्टी आहे, टेन्शन नाही. वीस झोके मोजायचे, मामा. घड्याळ मी धरते. तुम्ही जोरात मोजा.

सदाशिव: जोरात? बरं. सोडू? सोडला. लाभ!

दीक्षा: काय?

सदाशिव: बोलू नको मधी! दोन... तीन... चार...

सुखदा: चेहरा बघ त्यांचा, दीक्षा.

सदाशिव: ...अठरा... एकोनीस... वीस! थांबीव!

दीक्षा: सत्तावीस सेकंद. थांबा हं, करते हिशेब... दहा पूर्णांक त्र्याऐंशी.

सदाशिव: दहा? आता तर खालनं मोजलं की! ह्यात बुचाचा घोळ न्हाई आनि काय न्हाई.

सुखदा: मी एक अक्षर बोलणार नाही. तुमचं तुम्ही शोधा.

दीक्षा: मामा, तुम्ही सोडताना काय म्हणालात? लाभ म्हणजे?

सदाशिव: लाभ म्हंजी एक. आमी खळ्यावर धान्य मापतो तवा पयल्या मापाला एक म्हनत न्हाई. लाभ म्हनायचं. लाभ, दोन, तीन. बरकत ऱ्हाती. माजा बाप तसंच मोजायचा.

दीक्षा: पण सोडला तेव्हा अजून एक पण झोका झाला नव्हता ना. धान्याचं पहिलं माप तर भरलेलं असतं. इथं सोडताना शून्य म्हणायला पाहिजे. तुम्ही वीस म्हणालात तेव्हा झोके झाले एकोणीस.

सदाशिव: एकोनीस... एकोनीसच की! आपनच येक झोका जास्त धरला, मॅडम! नुसतं बोलन्यानं इतका फरक?

सुखदा: नुसत्या बोलण्यानंच तर तीस वर्षं गेली होती, मामा.

सदाशिव: व्हय, ते बी खरंच.

दीक्षा: मामा, हे खोडू? परत शून्यापासून घेऊ या. आत्ता बरोबर येईल बघा.

सदाशिव: फुडचं परत घेऊ. हे खोडू नको. माजं पयलं रीडिंग हाय. मॅडम, मला एक जर्नल द्या.

सुखदा: घ्या. नाव काय लिहू?

सदाशिव: सदाशिव किसन येळवंडे. निघोजे. उत्तर, दहा पूर्णांक त्र्याऐंशी. आनि त्यो शेवटचा रकाना द्या हिकडं, त्यो मी माज्या हातानं लिवतो.

दीक्षा: काय लिहिताय? वाचा ना.

सदाशिव: 'कुठं चुकलं असेल? लाभापासून मोजलं.'